थेंबाने पापणी वर गेली, मग ऑपरेशन कशाला?

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. आई ६३ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे आणि दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर उजवी वरची पापणी हळूहळू खाली उतरली. दादरच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात थेंब टाकला आणि पाच मिनिटांत पापणी छान वर गेली, पण त्याच वेळी डावी पापणी थोडी खाली आल्यासारखी वाटली. हे डॉक्टर म्हणाले, पापणीच्या आतून ऑपरेशन करू, बाहेर टाका दिसणार नाही. ठाण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी थेंब न टाकताच सांगितलं की बाहेरून छेद घ्यावा लागेल. ताई विचारतात: थेंबानेच पापणी वर जात असेल तर तोच रोज का घालू नये? डावी पापणी का पडली? आणि दोघा डॉक्टरांपैकी कुणाचं ऐकायचं?

मी मुंबईत पापण्यांच्या शस्त्रक्रिया करते आणि हा थेंब माझ्या टेबलावर रोज असतो. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरची पापणी उचलणारे स्नायू दोन. मुख्य स्नायू लिव्हेटर. तो डोळ्याच्या खोबणीत मागे सुरू होतो, पुढे येताना त्याचा पातळ पडद्यासारखा कंडरा, म्हणजे स्नायूला पापणीशी जोडणारा चिवट भाग होतो आणि तो पापणीत पसरतो. मेंदूतून निघणारी तिसरी नस त्याला चालवते. त्याच्या पाठीला, पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तराला अगदी चिकटून, म्युलर नावाचा छोटा स्नायू असतो. हाइनरिख म्युलर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं. तो आपल्या इच्छेने हलत नाही. भीती वाटली, दचकलो की डोळे विस्फारतात, त्यात त्याचा हात असतो, कारण त्याला सिंपथेटिक, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या नसा चालवतात. पापणीच्या एकूण उंचीत त्याचा वाटा साधारण २ मिलिमीटरचा. आकडा लहान वाटेल, पण बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीची कड जेमतेम ४ ते ५ मिलिमीटरवर असते. त्यातले दोन गेले तर माणूस झोपाळलेला दिसतो आणि वाचताना कपाळाला आठ्या घालून पापणी वर ओढत राहतो.

आईंच्या डोळ्यात टाकलेला थेंब बहुधा फिनाइलेफ्रिनचा. हे औषध म्युलर स्नायूला थेट आकुंचन पावायला लावतं. लिव्हेटरवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणजे थेंब टाकून आम्ही एकच गोष्ट तपासतो: हा छोटा स्नायू जागेवर आहे का, आणि तो आखडला तर पापणी किती उचलली जाते. थेंबाकडून याहून जास्त उत्तराची अपेक्षा करू नये, आणि माझ्या मते गोंधळ तिथूनच सुरू होतो. पापणी का पडली, हे थेंब सांगत नाही. ते आधी शोधायचं असतं.

म्हणून थेंब ही माझ्या तपासणीतली पहिली गोष्ट कधीच नसते. आधी मी जुने फोटो मागते. आधार कार्डावरचा, रेल्वे पासच्या ओळखपत्रावरचा, घरातल्या एखाद्या लग्नातला, काहीही चालतं. मोबाइलवर मोठा करून पाहिला की पापणी दोन वर्षांपूर्वी उतरली की पंधरा वर्षांपूर्वीपासूनच जरा खाली होती, हे पाच सेकंदांत कळतं. मग विचारते, सकाळी आणि संध्याकाळी फरक पडतो का? थकवा आल्यावर पापणी थोडी जड होणं कुणालाही होतं. पण सकाळी ठीक असलेली पापणी संध्याकाळी डोळा झाकते, घरी परतताना फलाटावरचा इंडिकेटर दोन-दोन दिसतो, चावताना जबडा दमतो, असं कुणी सांगितलं की मी थेंबाची बाटली बाजूला ठेवते. हा मायस्थेनिया असू शकतो. त्यात नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश अर्ध्या वाटेत कमी पडतो. अशा रुग्णाला एक मिनिट वर टक लावून बघायला सांगितलं की पापणी हळूहळू घसरताना दिसते. मग फ्रिजमधला बर्फ हातमोज्यात भरून, रुमालात गुंडाळून, मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरायचा. त्यानंतर पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त वर आली, तर संशय पक्का होतो आणि रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर न जाता न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. इतका साधा उपाय, पण तो केल्यामुळे नको ते ऑपरेशन टळतं.

दुसरी गोष्ट बाहुली. पापणी पडलेल्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान असेल, तर हॉर्नर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. त्यात म्युलरला चालवणाऱ्या सिंपथेटिक नसाच कुठेतरी दुखावलेल्या असतात. मेंदूत, मानेत किंवा फुप्फुसाच्या टोकाशी. अशी पापणी या थेंबांना उलट फार छान प्रतिसाद देते, कारण नसेविना राहिलेला स्नायू औषधाला जास्तच संवेदनशील होतो. म्हणजे थेंब टाकून पापणी झटकन वर गेली म्हणून आनंदाने ऑपरेशनची तारीख द्यावी आणि छातीतली गाठ तशीच राहावी, असं घडू शकतं. म्हणूनच बाहुल्या उजेडात आणि अंधारात, दोन्हीकडे, थेंब टाकायच्या आधी बघायच्या. थेंबाने बाहुली मोठी झाल्यावर हा पुरावा त्या दिवसापुरता हातचा जातो. हॉर्नरची शंका आली तर आम्ही अॅप्राक्लोनिडिनचे ०.५ टक्क्यांचे थेंब वापरून खात्री करतो. तान्ह्या बाळांत मात्र ते वापरत नाहीत, त्यांना धोकादायक गुंगी येऊ शकते.

आणि बाहुली मोठी असेल, डोळा बाहेर वळलेला असेल, डोकं दुखत असेल, तर तिसऱ्या नसेचा प्रश्न असू शकतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा त्या नसेवर दाब देत असतो, अशी शक्यता असते. पापणी अचानक पडली आणि सोबत डोकेदुखी, मानदुखी किंवा दोन-दोन दिसणं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. जे जवळ असेल तिथे, रात्र असली तरी.

तुमच्या आईंच्या बाबतीत मोतीबिंदूनंतर हळूहळू पापणी उतरली, हा वेगळाच आणि खूप सर्रास दिसणारा प्रकार आहे. लिव्हेटरचा कंडरा वयाने जुन्या इलॅस्टिकसारखा सैल झालेला असतो आणि डोळ्याच्या ऑपरेशनात पापण्या उघड्या ठेवणारा चिमटा त्यात थोडी भर घालतो. वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि डोळे सतत चोळणाऱ्यांतही हेच होतं. यात स्नायूची ताकद शाबूत असते, फक्त ती पापणीपर्यंत नीट पोचत नाही. ताकद मोजायची पद्धत सोपी आहे. भुवईवर अंगठा घट्ट दाबून धरायचा, म्हणजे कपाळाची मदत बंद होते. मग खाली बघायला सांगायचं, मग वर, आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीवर बघायचं. १२ ते १५ मिलिमीटर सरकली तर स्नायू उत्तम. ४ किंवा त्याहून कमी सरकली तर थेंबाची चाचणी करून काही हाती लागणार नाही. जन्मतः पापणी पडलेल्या बऱ्याच मुलांत असं असतं. तिथे पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या चिवट पडद्याच्या पट्टीने जोडण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं, आणि बाहुली झाकली जात असेल तर नजर मंदावू नये म्हणून ते लवकर करावं लागतं.

आता प्रत्यक्ष चाचणी. रुग्णाच्या अगदी समोर, डोळ्यांच्या समान उंचीवर बसायचं. टॉर्चचा उजेड बाहुलीवर पाडला की मधोमध एक पांढरा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. भुवया सैल हव्यात, आणि हीच सगळ्यात अवघड गोष्ट असते. डॉक्टर समोर बसले की रुग्ण नकळत भुवया उचलतो. मी म्हणते, "मावशी, डोळे मिटा, कपाळ सोडा, आता फक्त डोळे उघडा." दोन-तीनदा केल्यावर खरा आकडा येतो. मग फोटो, सरळ समोरून, दोन्ही डोळे एका चौकटीत. त्यानंतर खाली बघायला सांगून, पापणी हलकेच उचलून थेंब वरच्या बाजूला पडेल असा टाकायचा. नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध अश्रूनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात कमी जातं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, पुन्हा फोटो. काही जण दुसरा थेंब टाकून दहा मिनिटांनीही बघतात. एक खबरदारी: बाहुली मोठी करण्यासाठी दवाखान्यात जे नेहमीचे थेंब टाकतात, त्यात बऱ्याचदा ट्रॉपिकामाइडही मिसळलेलं असतं. ते या चाचणीला नकोत. पापणीसाठी त्याचा काही उपयोग नाही आणि जवळचं दिसणं काही तास उगाच धूसर होतं.

ताकदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २.५ टक्क्यांचं फिनाइलेफ्रिन बहुतेकांना पुरतं. १० टक्क्यांचंही मिळतं, पण त्याने बीपी उसळू शकतं, छातीत धडधड होऊ शकते. तुमच्या आईंसारख्या बीपीच्या रुग्णात मी ते वापरत नाही. बीपी आधी मोजते. ते ताब्यात नसेल, अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, नैराश्याच्या काही जुन्या गोळ्या चालू असतील, किंवा डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जाण्याची वाट, म्हणजे डोळ्याचा कोन, अरुंद असेल, तर चाचणी पुढे ढकलते किंवा करतच नाही. कोन अरुंद असताना बाहुली मोठी झाली तर डोळ्याचा दाब अचानक चढू शकतो. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात.

आता डाव्या पापणीचा प्रश्न. तुम्ही ते नेमकं टिपलंत, हे फार चांगलं झालं, कारण पुढच्या निर्णयात त्याचंच वजन सगळ्यात जास्त आहे. दोन्ही पापण्यांच्या लिव्हेटरना आज्ञा देणारं मेंदूतलं केंद्र एकच आहे, दोघांना मिळणारी आज्ञा सारखीच असते. एका पापणीला जास्त आणि दुसरीला कमी अशी वेगवेगळी आज्ञा देता येत नाही. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तुमच्या आईंची उजवी पापणी बाहुली झाकायला लागली, तसा मेंदूने जोर वाढवला. तो जोर डावीलाही मिळत राहिला. डावीचाही कंडरा थोडा सैल झालेला असणार, पण या वाढीव जोरामुळे ती ठीक दिसत होती. थेंबाने उजवी वर गेली, मेंदूला वाटलं आता इतक्या जोराची गरज नाही, जोर कमी झाला आणि डावी तिच्या खऱ्या उंचीवर आली. डाव्या डोळ्याला थेंब चुकून लागला वगैरे काही झालेलं नाही.

फक्त उजव्या पापणीचं ऑपरेशन केलं तर हेच कायमचं होऊ शकतं. उजवी सुंदर वर, आणि महिन्याभराने घरातले म्हणतात, "अगं, आता डावी पडली." म्हणून एका डोळ्यात थेंब टाकून डॉक्टरांची नजर दुसऱ्या डोळ्यावरही असावी लागते, आणि आधीचा-नंतरचा फोटो दोन्ही डोळ्यांचा एकत्र हवा. डावी किती मिलिमीटर खाली आली, हे दादरच्या डॉक्टरांना विचारा. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर फक्त उजवीचं करून थांबता येईल. एक मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर दोन्ही पापण्या एकाच वेळी करण्याचा विचार मी मांडेन. निर्णय आईंचा. त्यांना समोर आरसा धरून, डाव्या डोळ्यातही थेंब टाकून दोन्ही वर गेल्यावर कसं दिसतं ते दाखवता येतं.

रोज थेंबच का नको? फिनाइलेफ्रिनचा परिणाम काही तासांत उतरतो. रोज घातलं तर बाहुली मोठी राहते, उजेड खुपतो, बीपीची टांगती तलवार असते, आणि औषध ओसरल्यावर डोळा आणखी लाल होतो. पापणीसाठी म्हणून खास तयार केलेले ऑक्सिमेटाझोलिनचे ०.१ टक्क्यांचे थेंब अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये मोठ्यांमधल्या पडलेल्या पापणीसाठी मंजूर केले. दिवसातून एकदा घालायचे असतात, पापणी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास वर येते, आणि घातले नाहीत तर पुन्हा खाली. ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपणार नाही, अशांना तो मार्ग समजून घेण्यासारखा आहे, पण सैल कंडरा त्याने घट्ट होत नाही. आणि हे वाचून कृपया घरातले नाकात घालायचे थेंब डोळ्यात घालू नका. काहींमध्ये नावाने तेच किंवा त्याच जातीचं औषध असतं, पण ते डोळ्यासाठी बनवलेलं नसतं. केमिस्टकडे मिळणारे डोळ्याची लाली घालवणारे थेंबही महिनोन्महिने घालत राहू नयेत. ते म्युलरला थोडं आखडून ठेवतात, त्यामुळे चाचणीच्या दिवशी पापणी मुळात किती पडलीये, हेच कळत नाही. आई असे काही घालत असतील तर डॉक्टरांना सांगा. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर तेही सांगा. प्रोस्टाग्लँडिन जातीचे काही थेंब दीर्घकाळ घातल्यावर डोळा खोल जातो आणि पापणी उतरते.

राहिला दोन डॉक्टरांचा प्रश्न. आतून करायच्या ज्या ऑपरेशनबद्दल दादरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ते अमेरिकेतल्या पुटरमन आणि युरिस्ट यांनी १९७५ मध्ये मांडलं. पापणी उलटवून म्युलर स्नायू आणि त्यावरचं अस्तर यांची एक पट्टी मोजून काढतात आणि कडा शिवतात. थेंबाने पापणी किती उचलली, त्यावरून पट्टी किती काढायची ते ठरवतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या आसपास, प्रतिसाद कमी असेल तर थोडी जास्त आणि जास्त असेल तर थोडी कमी. हिशोब टेबलावर जाण्याआधीच झालेला असतो, पापणीची गोलाई सहसा छान राहते आणि बाहेर व्रण नसतो. पापणी एक-दोन मिलिमीटरच पडलेली, लिव्हेटर दमदार, थेंबाला प्रतिसाद चांगला, अशा रुग्णात मला ही पद्धत आवडते. पण डोळे फार कोरडे असतील, आतलं अस्तर आखडलेलं असेल, किंवा काचबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यातलं पाणी झिरपायला वरच्या पापणीखाली फुगवटा केलेला असेल, तर मी अस्तराला हात लावत नाही.

बाहेरून छेद घेऊन केलेल्या ऑपरेशनमध्ये सैल कंडरा शोधून तो पुन्हा पापणीला बसवतात. ते फक्त पापणी बधिर करून, रुग्ण जागा असताना करतात. मधेच बसवून डोळे उघडायला सांगतात आणि उंची जुळवतात. छेद पापणीच्या घडीत लपतो. पापणी जास्त पडलेली असेल किंवा वर लोंबणारी जादा कातडी काढायची असेल, तर हाच मार्ग सोयीचा. ठाण्याचे डॉक्टर चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. कुठल्या डॉक्टरचा हात कुठल्या पद्धतीवर बसलाय, हेही महत्त्वाचं असतं. मात्र थेंब टाकून दुसऱ्या पापणीचं काय होतं हे न बघता एकाच डोळ्याचं ऑपरेशन ठरवायला मी तयार होणार नाही. बाहेरूनच करायचं ठरलं तरी ते बघून घ्यावं.

थेंबाला प्रतिसाद मिळाला नसता, तरी ऑपरेशनचा रस्ता बंद झाला नसता. अशा पापण्या बहुतेक जण बाहेरून दुरुस्त करतात, आणि प्रतिसाद कमी असतानाही आतून केल्यावर पापणी चांगली उचलल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत. उलट, थेंबानंतरचा फोटो म्हणजे ऑपरेशननंतरच्या चेहऱ्याची हमी असं समजू नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुठल्याही पद्धतीत राहू शकतो आणि काहींना दुसऱ्यांदा थोडी दुरुस्ती लागते. हे आईंना आधीच सांगून ठेवा.

पुढच्या भेटीला जाताना दोन-तीन जुने फोटो, सगळ्या गोळ्यांची आणि थेंबांची यादी आणि बीपीच्या नोंदी घेऊन जा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. डोळ्यातल्या पाण्याची तपासणी, म्हणजे कोरडेपणाची चाचणी, झाली नसेल तर करून घ्या. चाचणी पुन्हा होणार असेल तर थेंब टाकायच्या आधी बाहुल्या बघितल्या का, हे विचारायला संकोचू नका. फाइलमध्ये चार आकडे लिहून घ्या: थेंबाआधी उजवी आणि डावी, थेंबानंतर उजवी आणि डावी. थेंबानंतर काही तास उजेड खुपतो, म्हणून आईंना एकटं लोकलने पाठवू नका, गॉगल बरोबर ठेवा आणि गर्दीची वेळ टाळून गाडी पकडा.